पूयमेह, मधुमेह आणि माझी शुद्ध मराठी

दीड महिन्यापूर्वीच्या एका रविवारी, शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीच्या दारात सकाळी सातलाच लांबलचक रांग लागली होती. सगळे उपाशीपोटी... आणि निम्म्यांच्या हातात झाकणबंद बाटल्या. त्या रांगेला कारण मी होतो, एवढे कबूल करण्यासाठी हे लिहीत आहे.

माझी नात मैत्रेयी सूक्ष्मजीवशास्त्रात एम. डी. करते. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या एका रोगाचे जंतू आता नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद देईनासे झाले आहेत, हा तिचा विषय. रुग्णाचा नमुना घ्यायचा, कोणते औषध लागू पडते ते पाहायचे, आणि जनुकांवरून त्या जंतूचे घराणे ओळखायचे...

"म्हणजे तू जंतूंचे गोत्र काढतेस!" मी म्हणालो. "हो आबा, आणि दोन गावांत सगोत्र जंतू सापडले की रोग कुठून कुठे गेला त्याचा माग लागतो." वेदान्तानंतर इतका आनंद मला कोणत्याच शास्त्राने दिला नव्हता.

अडचण एकच... नमुने मिळेनात. लोक लाजेने परस्पर मेडिकलमधून गोळ्या आणतात, बरे वाटताच अर्धवट सोडतात, आणि तगून राहिलेले जंतू अधिक चिवट होतात. म्हणून तिने आमच्या तालमीत तपासणीचे शिबिर ठरवले. त्यालाही कोणी फिरकले नाही, तर तिचा प्रबंध तिथेच अडणार होता.

फलकाचा मजकूर तिने विश्वासाने माझ्याकडे सोपवला. मी दोन दिवस खपून तो सिद्ध केला... 'पूयमेह-निदान शिबिर. प्रतिजैविक-प्रतिरोधाची विनामूल्य परीक्षा.' "आबा, लोकांना कळेल ना?" तिने हळूच विचारले. "शब्द स्वयंप्रकाशी असतो," मी म्हणालो.

पेठेने त्यातला 'मेह' आणि 'विनामूल्य' एवढेच वाचले.

रांगेत पहिल्या आमच्या भजनी मंडळाच्या सुशीलाक्का. "बुवा, माझी साखर जेवल्यावर चढतीया. मग जेवून परत येऊ व्हय?" असे म्हणून त्यांनी भाकरीचा डबाही दाखवला.

इतक्यात तालमीचे वस्ताद आले. फलक दोनदा वाचून म्हणाले, "बुवा, ही कुठल्या जातीची शुगर वो?" मी त्यांच्या कानात अर्थ सांगितला. ते असे हसले, की कौलांवरची कबुतरे उडाली. "आवो, मग परमा म्हणा की! सरळ परमा!"

"अगं बाई गं!" अक्कांची बाटली पदराआड गेली... आणि पाच मिनिटांत रांग विरून गेली.

मैत्रेयी टेबलाशी एकटीच उरली. "असू दे आबा," म्हणाली. तिने चार शब्द सुनावले असते, तर बरे वाटले असते.

वस्तादांनी आरतीचा माईक माझ्या हातात ठेवला. "तुम्हीच सांगा. आमी सांगितलं तर चेष्टा वाटंल. तुमचं ऐकत्यात लोक."

ज्या जिभेने पन्नास वर्षे कीर्तनातून परमार्थ सांगितला, तिच्यावर तो शब्द येईना. मनातल्या मनात तीनदा म्हणून पाहिला... मग डोळे मिटले.

"सज्जनहो, परमा! लघवीला आग होते, पू जातो, तो परमा. अर्धवट गोळ्या खाऊ नका. आत येऊन तपासून घ्या, नाव कोणाला कळणार नाही." आणि शेवटी, निव्वळ सवयीने... "जोतिबाच्या नावानं!" अख्खी गल्ली गरजली, "चांगभलं!"

डोळे उघडले, तेव्हा तोंडाला रुमाल बांधलेला एक तरणा माणूस जवळ उभा होता. शिरोळकडचा, ट्रॅक्टर चालवणारा. (त्याच्या संमतीनेच लिहीत आहे.)

"बुवा, तीन डाव गोळ्या खाल्ल्या. दोन दिस बरं, परत त्येच." मग आवाज खाली आला... "बायकू गरवार हाय वो. पोराला काय हुयाचं न्हाय न्हवं?"

मी त्याचा हात धरला आणि मैत्रेयीपाशी नेऊन बसवले. त्याच्यामागून दुपारपर्यंत आणखी सहा जण आले... चौघे मागच्या दाराने.

त्या ट्रॅक्टरवाल्याचे जंतू त्या गोळ्यांना मुळीच जुमानत नव्हते. तपासणीत जे औषध लागू पडताना दिसले, त्याचे इंजेक्शन त्याला दिले. पत्नीलाही बोलावून तपासले, उपचार केले. परवा दोघे घरी आले. दुसऱ्यांदा केलेली तपासणी निर्दोष आली आहे, आणि बाळ पोटात लाथा मारते आहे. ती माझ्या पाया पडू लागली, तेव्हा मी तिला थांबवून मैत्रेयीकडे बोट दाखवले.

पेठेतली टवाळ मंडळी मला आता 'परमाबुवा' म्हणतात. घरच्यांना राग येतो... मी मात्र प्रत्येक हाकेला ओ देतो. न जाणो, हाक मारणाऱ्याला खरोखरच काही विचारायचे असेल.