डाव्या हाताची नाडी

सुशीलाताई नसत्या तर ही नाडी आज हाताला लागली नसती. सुरतेत आम्हा रंगाऱ्यांना त्या डबा देतात, बाकी नातं काही नाही.

हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या मी डाव्या मनगटावर बोट ठेवून बघतो. चालू आहे. थांबली तर, म्हणून परत बघतो. खांद्याची नस तुंबली होती. छत रंगवायला हात वर केला की तो डोक्याच्या वाट्याचं रक्त ओढून घ्यायचा आणि मला भोवळ यायची. मुकादम खालून ओरडायचा, "काय रे, सकाळीच दारू लावून आलास?" सगळे हसायचे. तो राग गेलेला नाही, जाऊही नये. माझाच हात माझ्या डोक्याला लुबाडत होता, तर परक्यांकडून मायेची कसली आशा धरायची?

मानेतल्या नसेपासून खांद्याच्या नसेला नळी जोडायची होती. पण वॉर्डातला माणूस सारखा गुरकावायचा, "नातेवाईक आणल्याशिवाय ऑपरेशन नाही." गाव लांब, आई अंथरुणाला खिळलेली. शेवटी डबा द्यायला आलेल्या ताईच पुढे झाल्या.

"मी बहीण त्याची."

"मग आडनाव वेगळं कसं?"

"तुझ्या बहिणीचं लग्नानंतर बदललं नाही होय रे?"

त्याने सहीचा कागद पुढे सरकवला. ताई त्या दिवशी चूल न पेटवता ऑपरेशनच्या दाराबाहेर बसून राहिल्या.

शाळा सातवीतच सुटली, मला मोठं बोलता येत नाही. ताईंवर अशी वेळ येऊ नये. पण आलीच, तर असेन तिथून येईन आणि भाऊ म्हणून त्या दाराबाहेर मी बसेन.