पप्पूचा एकवीस नंबर

माझ्या पप्पूचा नेम लहानपणापासून बराबर. आमची मेंढरं होती तवा कळप सोडून निघालेल्या मेंढीच्या तोंडापुढं हा असा खडा टाकायचा, की अंगाला न लागता मेंढी माघारी फिरायची. त्याचे वडील आबाराव मला म्हणायचे, "आसराबाई, हे पोरगं नाव काढन." कशात काढन, ते त्यांना तरी कुठं ठाव होतं?

काढलं ते बेसबॉलमधी. जालन्यात तो खेळ शिकवणाऱ्या गिरिधर सरांनी त्याला चेंडू फेकताना पाह्यलं आन् टीममधी घेतलं. दिवसभर एमआयडीसीत सळ्यांच्या कारखान्यात काम, सांजच्याला मैदान. पाठीवर एकवीस नंबर. त्या खेळातलं मला काडीचं कळत न्हाई. पण समोरचा गडी बॅट फिरवायचा आन् तवर पप्पूचा चेंडू त्याच्या मागं जाऊन पोचलेला असायचा, तवा लई हसू यायचं.

मंग मागच्या उन्हाळ्यात कारखान्यात तापून लाल झालेली सळई सटकली आन् उजव्या खांद्यात शिरली. जीव वाचला. डॉक्टरनं मला आन् सरांना बाहेर बोलावून सांगितलं, "नस तुटली आहे. हा हात आता उठणार नाही." पप्पूला मात्र म्हणले, वेळ लागेल. खरं सांगायचं कुणी? सर म्हणायचे, तुम्ही आई, तुम्ही सांगा. मी म्हणायची, तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा.

आन् हे येडं वाट बघत बसलं. डाव्या हातानं जेवायचं नाव घीना. "उजवा बरा होईस्तोवर तूच भरव माय. डाव्याची सवय लागली तर उजवा आळशी होईल." एवढा मोठा बाप्या माझ्या हातनं घास खायचा. मी भरवायची. त्याच्यापुढं रडायची बी चोरी.

परवा सरांनी मैदानावर त्याचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, काचेत बसवलेली त्याची जर्सी. सर माईकवर म्हणले, "अमेरिकेत मोठ्या खेळाडूचा नंबर रिटायर करतात. पुन्हा कुणालाच देत नाहीत. आजपासून आपल्या टीममध्ये एकवीस नंबर कुणीच घालणार नाही." टाळ्याच टाळ्या.

पप्पू बी हसला. म्हणला, "मी सोडून न, सर?"

माईक जवळच होता. सगळ्यांनी ऐकलं.

सरांनी माईक खाली घेतला. पप्पूनं त्यांच्याकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं. मी खाली बघितलं. आग लागो त्या शालीला! जे सांगायची आमच्यातल्या एकाची बी छाती झाली न्हाई, ते पोराला भर मैदानात कळलं, आन् ते बी टाळ्या वाजवून.

"मंग दुसऱ्या कुणाला तरी द्या न नंबर," पप्पू हळूच म्हणला. "काचेत ठिवून काय करायचं?"

"नाही रे, तो मान आहे तुझा," सर म्हणले.

टेम्पोत ती काच मांडीवर घेऊन बसला. घरी आल्यावर मी ताट वाढलं, भाकर मोडली, कालवणात बुडवून घास पुढं केला.

"ऱ्हाऊ दे, माय."

त्यानं ताट आपल्याकडं वढलं आन् डाव्या हातानं जेवायला लागला.