डावीकडून टिचकी

दादा सुरतेच्या दवाखान्यात होते. औषध आणतो सांगून मी समोरच्या पूल पार्लरमध्ये बिलियर्ड्ससारखा खेळ खेळायला जायचो. वॉर्डात बसवत नव्हतं, हे आज कबूल करतो.

तिथे एक खानदेशी माणूस यायचा. त्याची बायको दादांच्याच मजल्यावर होती. क्यूला, म्हणजे खेळायच्या लांब काठीला, खडू लावून तो टोकावर फुंकर घालायचा, बशीतला चहा निववावा तशी. माझा फिरकीचा फटका मात्र सारखा चुकायचा.

"भाऊ, डाव्या अंगाला मारलं का पांढरा बॉल आधी उजवीकडे सरकतो. निशाणा तेवढा डावीकडे धरा. नाहीतर मधोमध मारा, सरळ जातो."

"इथे येता, तर वहिनींना काय सांगता?"

"खेळायला जातो, असंच सांगतो. ती म्हणते, जिंकून या. तेवढंच हसते."

वर गेल्यावर मी दादांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "कसं खेळतात, दाखव."

मी चादरीवर मोसंबं ठेवलं. त्यांनी डावीकडून टिचकी मारली. ते उजवीकडे घरंगळलं आणि दादा कितीतरी दिवसांनी हसले.

दुसऱ्या दिवशी हे सांगायला खाली गेलो, तर तो नव्हता. त्याच्या बायकोला सकाळीच घरी सोडलं होतं. नाव विचारायचं राहूनच गेलं.