सव्वीस नंबरपासून सुरू होणारी यादी

सभेत खाण्याचं पाकीट हातात पडण्याआधी कागदावर सही करायची, ही सवय तुम्हाला कोणी लावली? माझ्या आईला तिच्या आईने लावली असेल. लसीकरण असो, वादळानंतरचा तांदूळ असो की नुसतं वस्तीच्या प्रमुख कॅप्टनबाईंचं भाषण असो, आमच्या लावोद बारांगायमध्ये, फिलिपिन्सच्या किनाऱ्यावरच्या या वस्तीत, टेबलावर कागद असतो, सुतळीने बांधलेलं पेन असतं, आणि सही केली की पान्सितच्या शेवयांचं पाकीट मिळतं. कागदाच्या डोक्यावर काय लिहिलंय ते वाचत बसणारा रांग अडवतो आणि मागच्यांच्या शिव्या खातो.

पेर्पेत्वा सुमागायसाय रांगेत पहिली होती. वय एकसष्ट. अख्खा किनारा तिला नांग पेत्वा म्हणतो, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. तीस वर्षं ती मासा पाठीतून चिरते, मिठात घालते, बांबूच्या ताट्यांवर उन्हात पसरते. त्या ताट्यांची दोनशे पावलं वाळू म्हणजे तिचं दुकान आणि तिचं म्हातारपण. अकरा देशांचे मोठे खेळ आपल्या शहराने मागून घ्यावेत असं नगरपालिकेच्या मनात आलं. शिडाच्या होड्यांच्या शर्यती आमच्या किनाऱ्यावर, आणि बघणाऱ्यांना बसायच्या उंच पायऱ्या नेमक्या त्या वाळूवर.

म्हणून बास्केटबॉलच्या छपराखाली सभा. नांग सही करून टेबलापाशीच उभी राहिली आणि येईल त्याला पुढे ढकलू लागली. "करा रे सही. आपण किती आहोत ते त्यांना कळू दे." एक पेन आटलं तेव्हा माझ्या खिशातलं मीच दिलं. दोनशे बारा सह्या झाल्या. कागद नऊ. "हजर असलेल्यांची यादी" हे शब्द फक्त पहिल्यावर. बाकीच्यांवर नुसते नंबर आणि रेघा.

मग जुंपली. ट्रायसिकल, म्हणजे भाड्याची तीनचाकी, चालवणारा रेनान्ते उठला. "नांग, पाहुणे येतील, रस्ता होईल. तुझ्या वासाने माझी गिऱ्हाइकं नाक धरतात."

"धरू दे. नाक धरलं की तोंड मिटतं, भाड्यासाठी घासाघीस करत नाहीत."

"चेष्टा सोड. तीन आठवडे माझी गाडी भरलेली राहील. ते बघवत नाही का तुला?"

"बघवतं रे. चौथ्या आठवड्याचं सांग. होड्या घरी जातील, पायऱ्या इथेच राहतील. त्यांच्या सावलीत मासा वाळतो की सडतो, ते तुझ्या आईला विचार."

रेनान्तेचं म्हणणं काही खोटं नव्हतं. त्याला दोन मुली शिकवायच्यात. पण हात वर करायला सांगितले तेव्हा खेळांच्या बाजूने जेमतेम तीस निघाले. कॅप्टन नोएमी म्हणाल्या, "नोंद घेतली." आम्ही पान्सित खाल्लं आणि जिंकून घरी गेलो.

दोन महिन्यांनी नगरपालिकेच्या बैठकीत ठराव वाचला गेला: "लावोदच्या रहिवाशांच्या विनंतीवरून..."

नांगने मला कोपराने ढोसलं. "कुठल्या लावोदच्या?"

मी उठून आवाज चढवणार होतो, पण ती माझ्याआधी टेबलापाशी पोचली आणि फाइल मागितली. वरचा कागद नवा, छापील: आम्ही खाली सही करणारे रहिवासी, हे खेळ आमच्या किनाऱ्यावर व्हावेत अशी मनापासून विनंती करतो. त्याखाली आठ कागद, आमचे. शाई माझ्या पेनाची. नांगच्या सुनेची, गिल्डाची, वळणदार सही. चोरांनी डोकं बदललं होतं, धड आमचंच ठेवलं होतं.

नांगने बोट ठेवलं. "ही यादी सव्वीसपासून का सुरू होते?"

कारकुनाने मान वर केली नाही. "पहिले पंचवीस विरोधात असतील, मॅडम. म्हणून घेतले नसतील. लोकशाही आहे."

कॅप्टन नोएमी मागून कुजबुजल्या, "मी हजेरी म्हणूनच पाठवली होती गं, देवाशपथ." खरं असेल. खोटंही असेल.

कारकून म्हणाला, "सह्या तुमच्याच आहेत ना? मग मागे घ्यायच्या तर ज्याच्या त्याच्या हातची नवी सही आणा. शुक्रवारपर्यंत."

तेव्हापासून नांग दारोदार हिंडते आहे आणि खरा धक्का तिला तिथे बसतोय. सुरुवातीला कोणी सहीच करेना. एकदा पोळले, आता पेन दिसलं की लोक हात मागे घेतात. सख्खी सून म्हणाली, "आई, तुमच्यावर विश्वास आहे. कागदावर नाही."

पहिली सही केली रेनान्तेने. "मला खेळ हवेत, नांग, अजून हवेत. पण माझी सही मी दिली तर घ्यायची. उचलून न्यायची नाही."

आता ती माणशी वेगळा कागद नेते. वरचं वाक्य तिच्या हातचं, शुद्धलेखनाच्या चुकाही तिच्याच, आणि खाली एकच रेघ, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या डोक्याखाली ती जोडता येणार नाही. एकशे सत्त्याऐंशींपैकी एकोणीस झाल्यात. आज मंगळवार आहे.

तुमचं नाव सव्वीस ते दोनशे बारामध्ये असेल, तर ती येईल तेव्हा दार लावून घेऊ नका. तिला बसायला द्या. कागद वरपासून खालपर्यंत वाचा, हवं तर दोनदा वाचा, ती थांबेल. मग सही करा.