खोबरेल तेल आणि कुवेतची कॅसेट

मुकादमबाई नसत्या तर मी आज मुरुडच्या एखाद्या वाडीत नारळ उतरवत असतो. माझे वडील तेच करायचे. बाईंनी आम्हाला शाळेत विज्ञान शिकवलं. दहावीनंतर कॉलेजचा फॉर्म त्यांनी स्वतः भरला, आणि वडिलांना घरी येऊन सांगितलं, "याला झाडावर चढवू नका, मी जामीन आहे." मी वापरलेला पहिला सोल्डरिंग आयर्न त्यांच्या घरातला. त्यांच्या यजमानांनी तो कुवेतहून आणला होता. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. बीएस्सी, इलेक्ट्रॉनिक्स.

त्याच बाईंच्या गाडीचा स्टिरिओ माणगावच्या आमच्या दुकानात माझ्या टेबलावर उघडा पडला होता आणि आतून खोबरेल तेलाचा वास येत होता.

आमचं दुकान कार ॲक्सेसरीजचं. सीट कव्हर, हॉर्न, रिव्हर्स कॅमेरा. माझं काम म्युझिक सिस्टीमचं. आता सगळ्यांना टचस्क्रीन हवी असते. कॅसेटचा स्टिरिओ गेल्या कित्येक वर्षांत कुणी आणलेला नव्हता.

शेठ मागून येऊन वाकले. "सुनीलभाई, आ शुं छे? म्युझियम काढलंस काय?"

"रिपेअरला आलाय, शेठ."

"एना पार्ट्स क्यांथी आणणार तू? अँड्रॉइड बसव ने. बाहेर दोन गाड्या उभ्या आहेत."

"ह्या बाई माझ्या शिक्षिका आहेत."

शेठ जरा थांबले. "तो पछी जेवणाच्या सुट्टीत कर," म्हणाले आणि काउंटरवर गेले. तेवढी सवलत त्यांनी शेवटपर्यंत ठेवली.

स्टिरिओ घेऊन बाईंचा मुलगा इम्तियाज आला होता. मुरुडला त्याचा छोटा लॉज आहे. आम्ही एका वर्गात होतो. कॅसेट आतच अडकलेली होती. बटण दाबलं तरी बाहेर येत नव्हती.

"नवीन डबा लाव असं मी कधीपासून सांगतोय," इम्तियाज म्हणाला. "अम्मी म्हणते, तो काढलास तर मी गाडीत बसणार न्हाय. आणि ती गाडीत बसते ती काय फिरायला? अंगणात उभ्या गाडीत बसते, दाराच्या स्पीकरला कान लावून. त्या भोंग्याशिवाय तिला आता काय ऐकूच येत न्हाय."

"त्या कॅसेटमध्ये आहे तरी काय?"

"अब्बांचा आवाज."

त्या काळी कुवेतहून फोन परवडत नसे. आमच्याकडचे बरेच लोक कॅसेट भरून पाठवायचे. सुट्टीवर येणारा कुणीतरी ती घेऊन यायचा. घरचे ऐकायचे, मग त्याच कॅसेटवर आपला जबाब भरून परत पाठवायचे. त्यामुळे जुना आवाज कुणाकडेच उरत नसे. बाईंकडे ही एक उरली, कारण तिच्यावर जबाब भरायच्या आधी काका, म्हणजे बाईंचे यजमान, तिकडे वारले. दफनही तिकडेच झालं.

"आणि तेल कुणी घातलं?" मी विचारलं.

इम्तियाजने दुकानाबाहेर बघितलं. "अम्मीनेच. वादळात शेडचे पत्रे गेले, तेव्हापासून गाडी समुद्रासमोर उभी. दरवाजे कुरकुरायला लागले. मग ही बसली बाटली घेऊन. बिजागऱ्यांना, कुलपांना, आणि याच्या तोंडातपण. पण तिला मी सांगितलंय, मी पेन ड्राइव्ह जोडायला गेलो आणि बिघडलं. मला चार दिवस शिव्या घातल्या. घालू दे. तू तेच सांग."

मी स्टिरिओ जवळ ओढला.

कॅसेट स्टिरिओत काय होतं ते सांगतो. एक हेड असतो. फितीवरचा आवाज तो वाचतो. एक बारीक पोलादी दांडी फिरत असते आणि रबराचं एक चाक फितीला तिच्यावर दाबून धरतं. त्याला पिंच रोलर म्हणतात. दोघांच्या चिमटीतून फीत एकसारखी पुढे सरकते. हे रबर कोरडं आणि स्वच्छ लागतं. साफ करायचं तर स्पिरिटचा कापूस, तोही अगदी किंचित ओला. आमच्या किनाऱ्यावर खारी हवा लोखंड खाते, म्हणून घरातल्या प्रत्येक वस्तूवर तेलाचा हात फिरतो. कुलपाला ते बरोबर आहे. पिंच रोलर मात्र तेलाने फुगतो, चिकट होतो आणि फीत स्वतःभोवती गुंडाळून घेतो.

इथे तेच झालं होतं. कॅसेट ओढली असती तर फीत तुटली असती. मी वरचं झाकण काढलं आणि आतलं जड चाक बोटाने उलटं फिरवत राहिलो. फीत एकेक वेढा सोडत गेली. शेवटचा भाग पंख्यासारखा चुरगळून निघाला.

भंगारातल्या एका डेकचा पिंच रोलर काढून बसवला. पट्टा बदलला. हेड पुसला. फीत दुसऱ्या कॅसेटच्या कवचात घातली. तेलकट भाग कोरड्या कापसाने टिपायला लागलो, तर कापसावर तपकिरी रंग आला. फितीवर जो तपकिरी थर असतो त्यातच आवाज असतो. मी पुसत होतो ते काकांचं बोलणं होतं. पुसलं नाही तर फीत हेडला चिकटणार होती. थोडं पुसलं आणि हात मागे घेतला.

मग हेडफोन लावून वाजवली, आणि तेव्हाच कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. आवाज खोल होता, पण शब्द कळत होते. काका उन्हाबद्दल बोलत होते. इम्तियाजचा गोवर बरा झाला का, विचारत होते. मग गाडीचा विषय निघाला. ते मी दोनदा ऐकलं. त्यानंतर खरखर, आणि मग काहीच नाही.

इम्तियाज घ्यायला आला तेव्हा बाईंचा फोन आला. त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"सुनील, मला फोनवर ऐकू येत नाही. तू नुसता ऐक. काय झालं ते मला लिहून पाठव. हा इम्तियाज मला बरं वाटेल ते सांगतो. तू प्रयोगवहीत लिहायचास तसं लिही. जे दिसलं ते."

फोन बंद झाला. इम्तियाज म्हणाला, "लिही ना, पेन ड्राइव्ह. काय जातं तुझं?"

"त्या वही कशा तपासायच्या, तुला माहीत आहे," मी म्हणालो.

दुकानात आता मी गिऱ्हाइकांना सांगतो: कॅसेट वाजवून झाली की बाहेर काढून ठेवा, आणि कॉपी आजच करून घ्या. ऐकणाऱ्याकडे बहुतेक वेळा कॅसेट नसतेच. बाईंचं पत्र मी इम्तियाजच्याच हाती दिलं, पाकीट बंद न करता.

आदरणीय बाईंना,
नमस्कार.

कृती: स्टिरिओ उघडून साफ केला, रबराचं चाक बदललं, फीत सोडवली.

निरीक्षण: स्टिरिओ चालू आहे. कॅसेटचा बराचसा भाग वाजतो. शेवटचा भाग वाजत नाही, आणि तो परत येणार नाही. मी प्रयत्न केला. त्यात काका काय म्हणाले होते ते आता फक्त तुम्हाला माहीत आहे.

अनुमान: फीत तेलाने गेली. इम्तियाजने पेन ड्राइव्ह जोडलेला नाही. तशी सोय या स्टिरिओत नाहीच. त्याला आता रागावू नका.

आणखी एक निरीक्षण. वाचलेल्या भागात काका म्हणतात, "गाडीला खारा वारा लागू देऊ नको, सगळ्याला खोबरेल लावत जा, माझ्या टेपमध्येही दोन थेंब सोड." म्हणजे तेल तुम्ही त्यांच्या शब्दावर घातलंत. माहिती चुकीची होती. ती त्यांची होती.

यापुढे स्टिरिओत तेल घालू नका. सोबत स्पिरिट आणि कापूस पाठवला आहे. बिजागऱ्यांना लावत राहा. ते त्यांनी बरोबर सांगितलं होतं.

आपला विद्यार्थी,
सुनील