मिस्त्रींचे चार ठिपके

परसराम मिस्त्री गेले हे मला कळलं तेव्हा मी पिकअपमध्ये बसून दिवा विझायची वाट पाहत होतो. सकाळची वेळ होती. मागे कापूस भरलेला होता आणि मारेगावच्या जिनिंगला जायचं होतं. किल्ली फिरवली, इंजिन लागलं, समोरचा लाल दिवा विझला आणि मिस्त्रींनी घालून दिलेल्या नियमाप्रमाणे मी पाच आकडे मोजायला सुरुवात केली. तिसऱ्या आकड्याला फोन वाजला. पांढरकवड्याला हायवेवर मिस्त्रींच्या गॅरेजला लागून गफ्फारभाईंचं पंक्चरचं दुकान आहे, ते बोलत होते. "मास्तरजी, उस्ताद चले गए." मी विचारलं, "कुठे?" तीस वर्षं शाळेत भाषा शिकवलेल्या माणसाचा हा प्रश्न. गफ्फारभाई म्हणाले, "सुबह, तांडे पे. चाय का कप हाथ में था." मी इंजिन बंद करायची दोरी ओढली. किल्ली काढायचं भान राहिलं नाही, त्यामुळे तो लाल दिवा पुन्हा लागला आणि कितीतरी वेळ तसाच माझ्याकडे पाहत राहिला...

या दिव्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मिस्त्री सांगता येणार नाहीत, आणि ती सांगायची म्हणजे माझी अब्रू थोडी खर्ची घालावी लागणार. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, मी जुनी पिकअप घेतली. आपला कापूस आपण न्यायचा, कुणाची वाट पाहायची नाही, असा बाणा. गाडीतलं मला स्टिअरिंग आणि हॉर्न एवढं कळत होतं. एके दिवशी चालत्या गाडीत समोर लाल दिवा लागला. त्यावर चित्र होतं, तोटीच्या भांड्याचं, तोटीतून थेंब पडतोय. पूजेच्या झारीसारखं. झारी म्हणजे पाणी, गाडीला तहान लागली असणार, असा मी अर्थ लावला आणि रेडिएटर काठोकाठ भरला. दिवा जाईना. दुसऱ्या दिवशीही जाईना. डोळ्यावर येऊ लागला तेव्हा बायकोच्या पाकिटातली मोठी मरून रंगाची टिकली काढली आणि त्यावर चिकटवली. दिवा दिसेनासा झाला. मला वाटलं, प्रश्न सुटला.

चौथ्या दिवशी इंजिनातून कुणी आतून दार ठोठावावं तसा आवाज येऊ लागला, आणि मारेगावच्या रस्त्यावर ते जागच्या जागी जखडलं. ट्रॅक्टरला बांधून गाडी मिस्त्रींच्या कडुलिंबाखाली आणली. त्यांनी खाली वाकून पाहिलं, ऑइलच्या चेंबरचा नट ढिला होऊन सगळं ऑइल कधीच गळून गेलं होतं. ती झारी ऑइलची होती, पाण्याची नव्हे. मग ते आत बसले, किल्ली फिरवली, आणि त्यांना ती टिकली दिसली. नखानं अलगद काढून अंगठ्यावर घेतली.

"मास्तर, हे कोणं लावली?"

"मी."

"काहून?"

"डोळ्यावर येत होता दिवा."

मिस्त्रींनी टिकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हंजे तुमी गाडीले आधी सवाष्ण केलं, अन् मंग तिचा जीव घेतला."

बाकी सगळ्यांचं मत एकच पडलं, भंगारात द्या. मिस्त्री मात्र बॉनेट उघडून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "राहू द्या माह्याजवळ." का, ते मला नंतर कळलं. हायवेवरचे ट्रक आता नवे, त्यांच्या पोटात कॉम्प्युटर. आजूबाजूला नवी गॅरेजं झालेली. मिस्त्रींकडे येत ते स्प्रिंगचे पाटे बदलायला आणि ग्रीस भरायला. पूर्ण इंजिन उघडायचं काम वर्ष-सव्वा वर्षात त्यांच्या हाती आलं नव्हतं. त्यांच्या हाताला कंप सुटलाय, असंही कुणी कुणी बोलू लागलं होतं. हात थोडे कापायचे, खरं होतं. चहाचा कप धरताना कापायचे. पाना धरला की थांबायचे.

मिस्त्री जवळच्या बंजारा तांड्यातले. घरी गोरबोली, गॅरेजात हिंदी, माझ्याशी वऱ्हाडी. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरत. "आमी पह्यलेपासून मालवाहतुकीतच आहो, मास्तर," ते म्हणायचे, "फक्त बैल बदलले." इंजिनाला ते बैलासारखंच वागवत. उघडण्याआधी त्यावर हात ठेवून क्षणभर थांबत. मी एकदा विचारलं, नमस्कार करता का? तर म्हणाले, "नाई. गरम हाये का पाहून राह्यलो."

मला रिकामा वेळ फार, म्हणून मी रोज कडुलिंबाखाली जाऊन बसू लागलो. मदत करतो असं मी म्हणायचो, मिस्त्री तो शब्द वापरत नसत. त्यांनी इंजिन सुटं केलं आणि एकेक भाग जमिनीवर पसरलेल्या बारदानावर मांडला. क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता कणा, घासायला यवतमाळला गेला, नवे लायनर, रिंगा, बेअरिंगं आली. बारदानावरचं मात्र काही हलायचं नाही. इतर मिस्त्री पोग्याने, म्हणजे टोकदार पंचने, ठोकून भागांवर खुणा करतात, परसराम मिस्त्री करत नसत. कुठला भाग कुठल्या जागेचा ते त्यांना बारदानावरच्या जागेवरून कळे, आणि याचा त्यांना अभिमान होता. "बारदान म्हंजे माह्यी वही हाये. वहीले हात लावू नका."

आणि मी वहीला हात लावला.

पिस्टनचा दांडा क्रँकला जिथे धरतो तिथे खालून एक अर्धगोल लोखंडी टोपी बसते. दांडे चार, टोप्या चार. एके दुपारी मिस्त्री जेवायला तांड्यावर गेले होते. टोप्यांवर काळं चिकट बसलेलं मला पाहवेना. मी चारही उचलल्या, डिझेलमध्ये घासून घासून लखलखीत केल्या आणि पुन्हा बारदानावर ओळीत ठेवल्या. कुठली कुठे होती हा प्रश्न मनात आला, नाही असं नाही. पण चारही सारख्या दिसत होत्या. काय फरक पडतो? गणवेशातली चार पोरं सारखी दिसतात म्हणून मी जन्मात कधी एकाची हजेरी दुसऱ्याच्या नावावर लावली नाही, आणि इथे मात्र... प्रत्येक टोपी आपल्याच दांड्याबरोबर कापलेली असते, दुसऱ्याला ती बसल्यासारखी दिसते पण बसत नाही, हे मला माहीत नव्हतं. मिस्त्री आले तेव्हा मी टोप्यांकडे अशा नजरेनं पाहत होतो की कुणी तरी शाबासकी द्यावी. त्यांनी पाहिलं, "चमकवल्या वाटते," एवढंच म्हणाले. मी जागा तशाच ठेवल्या असतील, असं ते धरून चालले. मास्तर आहे म्हणून.

क्रँक घासून आला त्या दिवशी मिस्त्री जुळणीला बसणार ही बातमी कशी कोण जाणे पसरली आणि शेजारच्या गॅरेजांतले तिघे-चौघे पाहायला आले. पाहायला म्हणजे हात पाहायला. हे मिस्त्रींनाही कळत होतं. ते स्वच्छ शर्ट घालून आले होते. क्रँक बसवला, बोटानं फिरवला, लोण्यासारखा फिरला. मग पहिला दांडा, पहिली टोपी. पान्यानं नट आवळले, आणि क्रँक हलेना. त्यांनी नट ढिले केले, पुसलं, पुन्हा आवळले. हलेना. दुसरा दांडा घेतला. तोही तसाच. मागून एक जण हळूच म्हणाला, "मिस्त्री, उलटसुलट झालं का जी?" दुसरा म्हणाला, "होते आता. वय हाये." त्यात कुचेष्टा नव्हती. कीव होती, आणि ती जास्त वाईट.

मिस्त्रींनी बारदानाकडे पाहिलं. मग त्या चकचकीत टोप्यांकडे. मग माझ्याकडे. माझ्या नखांतलं काळं अजून निघालं नव्हतं.

तेवढा एक क्षण होता. मी तोंड उघडायला हवं होतं. पंचवीस शब्दांचं वाक्य नाही, दोन शब्द पुरे होते... "मी केलं." ते मी बोललो नाही, कारण त्या गॅरेजवाल्यांतले दोघे माझे विद्यार्थी होते आणि त्यांच्यासमोर अडाणी ठरायला मला लाज वाटली. मिस्त्रींनी माझ्यावरची नजर काढून घेतली आणि शांतपणे म्हणाले, "माह्याच हातानं उलटपालट झालं. होते आता." त्यांनी त्या माणसाचाच शब्द उचलला. पाहणारे पांगले.

ते गेल्यावर मी "मिस्त्री..." असं सुरू केलं, तर म्हणाले, "बसा. दिवा धरा."

पुढचे दोन दिवस जे मी पाहिलं ते दुसऱ्या कुणीही पाहिलेलं नाही. एक दांडा डाव्या हातात, एक टोपी उजव्या हातात. टोपी दांड्यावर ठेवायची, डोळे मिटायचे आणि दोन्हींच्या सांध्यावरून नख फिरवायचं. नख अडखळलं तर ती टोपी बाजूला. पुन्हा दुसरी. केसाएवढा फरक, तोही नसेल. त्या वेळी हात तसूभर कापत नव्हते. चारही जोड्या त्यांनी अशा नखानं जुळवल्या, बसवून फिरवून पाहिल्या, आणि मग जे आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. पोगा आणि हातोडी घेऊन पहिल्या दांड्यावर आणि त्याच्या टोपीवर एकेक ठिपका ठोकला, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर चार.

"हे कशाला, मिस्त्री? तुम्हाला तर लागत नाहीत खुणा."

"मले नाई लागत," ते म्हणाले. "तुमी येता न रोज."

नेमका त्याच वेळी शेजारच्या गॅरेजातला एक जण पाना मागायला आला. त्यानं ठिपके पाहिले आणि जाऊन सांगितलं की म्हाताऱ्याला आता खुणा कराव्या लागतात.

इंजिन लागलं त्या दिवशी गफ्फारभाई आणि मी दोघेच होतो. मिस्त्रींनी पंपातली हवा काढली, मला आत बसवलं. एकदा नुसतंच घरघरलं, दुसऱ्यांदाही तेच, तिसऱ्यांदा काळा धूर सोडून ते उठलं. मी एकदम गाडी हलवायला गेलो. मिस्त्रींनी खिडकीतून हात घालून माझं मनगट धरलं. "दिवा पाहा. दिवा इझू द्या."

दिवा गेला. मी सवयीनं म्हणालो, "शांत झाला. विझला म्हणू नये, मिस्त्री, अशुभ असतं."

"देवापुढचा शांत होते, मास्तर. हा इझलाच पाह्यजे. हा जळत राह्यला तं समजा कोणीतरी मरून राह्यलं." मग म्हणाले, "इझल्यावर पाच आकडे मोजायचे. ऑइल सगळीकडे पोचते. मंग हालायचं." त्यांनी लांब पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, इंजिनला टेकवला, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

गाडी तेव्हापासून दोन हंगाम चालली. मिस्त्रींकडे मात्र दुसरं इंजिन आलं नाही. बारदानाची गोष्ट सगळीकडे गेली होती, अर्धी. तिचा उरलेला अर्धा भाग माझ्या तोंडात होता. मी सांगणार होतो. खरंच. पोळ्याला सांगू, दिवाळीत सगळे भेटतात तेव्हा सांगू, असं करत राहिलो. मिस्त्री जाण्याच्या आठवडाभर आधी मी गॅरेजवर गेलो तर ते एका ट्रॉलीला ग्रीस भरत होते. जुळणीच्या दिवशीचा तो स्वच्छ शर्ट नव्हता, जुनाच, कोपरावर फाटलेला. आज सांगतोच, असं ठरवून मी कापसाबद्दल बोललो. पावसाबद्दल बोललो. त्यांनी विचारलं, "आवाज कसा हाये?" मी म्हटलं, चांगला. तरी उठून पेचकस लावून ऐकलं. "बरी हाये," म्हणाले. मग पेचकस माझ्या हातात दिला. "ठेवा गाडीत. मले आता कोणतं इंजिन आयकाचं हाये." मला वाटलं, विनोद केला. मी हसलो.

लाल दिवा लागला होता, आणि मी पुन्हा एकदा त्यावर टिकली लावली.

तेरवीला तांड्यावर गेलो. मांडवात गॅरेजवाले बसले होते, माझे ते दोन विद्यार्थीही. मी उभा राहिलो. टोप्या मी बदलल्या, म्हणालो. मिस्त्रींनी चारही नखानं जुळवल्या, डोळे मिटून, मी पाहिलं. ठिपके त्यांच्यासाठी नव्हते, माझ्यासाठी होते. एका विद्यार्थ्यानं मान खाली घातली. दुसऱ्यानं विचारलं, "नुसत्या नखानं, सर?" मी म्हटलं, नुसत्या नखानं.

निघताना मिस्त्रींच्या पत्नी, सोनाबाई, दाराशी आल्या. "मास्तर, आमाले तवाच माहीत होतं. त्याइनं घरी सांगतलं होतं."

मी पायात घालायला घेतलेली चप्पल तशीच ठेवली.

"म्हणे, मास्तर एखाद दिवशी बोलन सगळ्याइसमोर. तवा तुमी हासू नका त्याले."

मांडवात मिस्त्रींच्या घरचं कुणीही हसलं नव्हतं. ते आधीच सांगून ठेवलेलं होतं...

हे इथे लिहितोय ते एवढ्यासाठी की मांडवात जे नव्हते त्यांच्यापर्यंतही उरलेला अर्धा भाग पोचावा. आयुष्यभर मी पोरांना सांगत आलो की एका टिंबानं अर्थ बदलतो, अनुस्वार विसरू नका. माझ्या गाडीच्या पोटात, तेलात बुडालेले एक, दोन, तीन, चार ठिपके आहेत. ते कुणाला दिसत नाहीत. पेचकस सीटखाली असतो. अधूनमधून इंजिनला टेकवून कानाला लावतो. मला अजूनही त्यातलं काही कळत नाही, पण ऐकतो.

सकाळी किल्ली फिरवतो आणि दिव्याकडे पाहतो. तो जातो तेव्हा 'शांत झाला' असं आता म्हणत नाही. "इझला," म्हणतो, त्यांच्यासारखं. मग मोजतो. एक. दोन. तीन. तिथे थोडा अडखळतो, त्या दिवशी मोजणी तिथेच राहिली होती. मग चार. पाच. आणि गाडी हलवतो.