धाग्याचं रेडकू

बद्रुद्दीनचा राग रास्त होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून लोक म्हणतील, माणूसच वाईट.

अंबडच्या ज्या कारखान्यात तो कामाला होता, तिथे खोटी फर बनायची. खेळण्यातली अस्वलं, कोटाच्या कॉलरी, गाडीच्या सीटची कव्हरं, असल्या कामाची. त्या फरचा धागा कसा असावा, हे ठरवणारा बद्रुद्दीन. मालेगावात बापाच्या यंत्रमागाशेजारी वाढलेला माणूस तो. जनावराच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वर लांब, ताठ, चकाकते आणि खाली मऊ लोकर, हे त्यानं एकदा कोणाच्या तरी सशाला कुरवाळताना हेरलं आणि दोन्ही जातीचे केस एकाच धाग्यात घातले. बारीक केस असा निवडला की वाफ लागली की तो आखडून तळाशी बसावा. जाड केस आखडायचाच नाही, तो वर उभा राहायचा. रंगसुद्धा एक नाही. तपकिरी म्हटलं की तीन तपकिरी, त्याही टोकाला फिक्या आणि मुळाशी गडद. फर हातात घेतली की माणसं नकळत तिचं डोकं कुठे आहे ते शोधायची.

आणि नाव कोणाचं? मालकाची सून तेजल हिचं. पोरगी वाईट नव्हती हो, पण दरवर्षी प्रदर्शनात कोल्ह्याच्या फरवर हात ठेवून फोटोत ती उभी, आणि बद्रुद्दीन मागे खोकी उचलतोय. चारचौघांत कोणीतरी एकदा म्हणावं, हे बद्रुद्दीननं केलंय, एवढीच त्याची हाव होती. पण तेवढंही कोणाच्या तोंडून निघालं नाही, आणि हळूहळू त्याच्या पोटात ते साचत गेलं.

त्याची धाकटी बहीण नूरबानो वडाळा गावात राहायची. नवरा गेल्यापासून ती आणि तिची लेक कशिश, दोघींचं सगळं एका म्हशीवर चाललेलं. म्हशीचं नाव चांदणी. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांदणी, नाहीतर अंगानं नुसती काळी कातळ. हिवाळ्यात तिचं रेडकू हगवण लागून गेलं आणि चांदणीनं पान्हा चोरला. कासेला हात लावला की लाथ. दिवसभर दावणीत मान वळवून वळवून शोधायची आणि असं हंबरायची की शेजारपाजारच्या बायका कामं टाकून दारात यायच्या.

आता यावर जुना उपाय आहे. मेलेल्या रेडकाची कातडी काढायची, भुसा भरायचा, शिवायची आणि म्हशीपुढे उभी करायची. ती चाटते, हुंगते, पान्हा सोडते. पण आज कातडी सोलणार कोण, आणि न्यायची कुठून? टेम्पोत कातडी आणि टेम्पोवाल्याचं नाव मुसलमानाचं, एवढं पुरे आहे. म्हशीची आहे का कशाची, हे विचारायला कोण थांबतं! आधी मोबाइल बाहेर येतात, मग काठ्या. नूरबानोनं रेडकू गुपचूप महापालिकेच्या गाडीत घातलं. कोणीतरी पान्ह्याचं इंजेक्शन सुचवलं, तर ती भडकलीच. म्हणाली, "जनावराला सुया टोचून काढलेलं दूध मी लोकांच्या लेकरांना पाजू?"

"मी देतो तुला रेडकू," बद्रुद्दीन म्हणाला.

शेजारच्या गोठ्यातल्या मालनबाई पोट धरून हसल्या. "बद्रुभाई, आता देवाचं कामपण तुम्हीच करणार का?"

त्याला ते लागलं. पण आतून गुदगुल्यासुद्धा झाल्या, खोटं कशाला बोला. तो गावातल्या गोठ्यांतून रेडकं बघत हिंडला. रेडकाचा केस विरळ, राठ, उन्हात तांबूस मारणारा आणि सगळा शेपटीकडे झोपलेला. अस्वलाची दाट फर इथे कामाची नव्हती. त्यानं तीन तपकिरींचाच, पण राठ असा नवा धागा पाडला, कारखान्यात सुट्टीनंतर नमुन्याच्या मशीनवर कापड विणलं, पेंढ्याच्या सांगाड्यावर चढवलं आणि गोणपाटात गुंडाळून स्कूटरवरून बहिणीकडे आणलं.

चांदणीनं एकदा हुंगलं आणि नाक फेंदारून अशी मागे सरली की दावं तुटायचं बाकी राहिलं.

वास! फरच्या पाठीला रबराचा लेप देतात. त्या लेपानंच केस मुळाशी धरून राहतात, एरवी ओढले की हातात येतात. पण त्या लेपाला वास येतो, आणि म्हशीला काय फसवता? बद्रुद्दीननं दुसरं रेडकू केलं ते लेपाशिवाय. नुसतं विणलेलं, मऊ, अंगावर सुरकुती पडणारं, अगदी कातडीसारखं. ज्या पोत्यावर खरं रेडकू निजायचं ते पोतं त्यानं त्याच्या अंगावर घासलं, वरून मीठ आणि गुळाचं पाणी शिंपडलं.

चांदणीनं हुंगलं. थांबली. पुन्हा हुंगलं. मग तिनं जीभ काढली आणि मानेपासून शेपटीपर्यंत त्या धाग्याच्या पोराला चाटून काढलं, अन् नूरबानोनं कासेला हात लावायच्या आतच दुधाचे थेंब खाली पडले. नूरबानो रडायला लागली. मालनबाईंनी तोंडावर पदर धरला. बद्रुद्दीनची छाती अशी फुगली म्हणता! मालक गेला खड्ड्यात आणि प्रदर्शन गेलं खड्ड्यात. आई फसली होती, याहून मोठं सर्टिफिकेट कोण देणार?

म्हशीच्या जिभेवर काही केस चिकटलेले त्याला दिसले होते. त्यालाच दिसले, दुसऱ्या कोणाला नाही. आणि तो काय म्हणाला मनात? खऱ्या जनावराचेही केस गळतातच की. त्याला त्याचंही कौतुक वाटलं. मेल्या, तुझं डोकं कुठे होतं तेव्हा!

पुढे दर जुम्म्याला नमाजनंतर तो बहिणीकडे यायचा. रेडकाच्या पाठीवर, मानेवर चाटून चाटून टक्कल पडलेलं असायचं. तो हौसेनं नवा तुकडा आणायचा आणि तिथे शिवायचा. गल्लीतली माणसं बघायला यायची, तेव्हा तो जरा सावकाश शिवायचा. पहिले केस गेले कुठे, हे त्यानं एकदाही स्वतःला विचारलं नाही. आंब्याचे दिवस आले तरी हेच चाललं होतं.

मग चांदणीनं वैरण टाकली. रवंथ बंद. पोट ढोलासारखं फुगलं. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले, नळी घातली, औषधं दिली. सगळं करून झालं, आणि ती डोळे उघडे ठेवूनच मेली. डॉक्टरांनी नासर्डी नदीच्या काठावर नेऊन पोट फाडलं. आतून निघाल्या प्लास्टिकच्या थोड्या चिंध्या, आणि लहान मुलाच्या डोक्याएवढा एक घट्ट गोळा.

"नेहमीचंच," डॉक्टर म्हणाले. "उकिरड्यावर चरायला सोडता, मग दुसरं काय होणार? प्लास्टिक खाते, त्याचा असा गोळा होतो."

त्यांनी चिमट्यानं गोळ्याची एक बट ओढली. चिखलात माखलेली होती, तरी बद्रुद्दीननं ओळखली. तीन तपकिरी, टोकाला फिक्या. स्वतःच्या पोटच्या पोराला ओळखावं तशी ओळखली.

नूरबानो चिखलात बसून स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होती. मग एकदम उठली आणि तिनं कशिशला धरलं, कारण शाळेतून आल्यावर म्हैस बाहेर न्यायचं काम कशिशचं. "उकिरड्यावर नेलीस! मोबाइलमध्ये डोकं घालून बसलीस आणि तिला उकिरड्यावर सोडलीस!" म्हणत तिनं पोरीला मारलं, गालावर, पाठीवर, हात दुखेपर्यंत. पोरगी "नाही नेली, अम्मी, खरंच नाही," म्हणत राहिली. बद्रुद्दीननं मध्ये पडून बहिणीचा हात धरला. हात धरता आला त्याला, तोंड उघडता आलं नाही. उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं. आज तिचं डोकं ठिकाणावर नाही, असंही स्वतःला पटवलं. खरं कारण वेगळंच होतं. आयुष्यात एकच काम लोकांनी त्याच्या नावानं ओळखलं होतं, आणि ते नाव त्याच्या हातून सुटत नव्हतं.

त्याचा उद्या काही उगवला नाही. नूरबानो आता इंदिरानगरच्या बंगल्यांत भांडी घासायला जायला लागली. तो जुम्म्याला यायचा, बसायचा, चहा प्यायचा. ती उलट त्यालाच म्हणायची, "भाई, तू जीव तोडून केलंस रे. आमचंच नशीब फुटकं." आणि तो मान हलवायचा. हलवायचा हो! मला तर त्या मान हलवण्याचाच जास्त संताप येतो.

एका जुम्म्याला तो असाच बसला असताना मालनबाई आल्या. डोळे सुजलेले. त्यांच्या म्हशीचं रेडकू सकाळी गेलं होतं. "नूर, तुझ्याकडचं ते रेडकू देतेस का गं? माझी जाफरी वेड्यासारखी करायला लागलीय."

"घेऊन जा ना. गोठ्यात पडून तर आहे," नूरबानो म्हणाली आणि उठलीसुद्धा.

बद्रुद्दीननं चहाचा कप खाली ठेवला. "ते द्यायचं नाही," तो म्हणाला.

दोघी त्याच्याकडे बघायला लागल्या. "का रे भाई? त्याला काय सोनं लागलंय?"

फाटलंय, किडे पडलेत, काहीही सांगता आलं असतं. एकेक त्याच्या जिभेवर येऊन गेलं. पण मालनबाई उद्या दुसरं करून मागणार, हेही त्याला दिसत होतं, आणि गोठ्यातून ती जाफरी हंबरत होती.

"चांदणीच्या पोटात निघालं ते प्लास्टिक नव्हतं," तो म्हणाला. "माझा धागा होता. मी लेप दिला नव्हता. केस सुटत गेले, ती गिळत गेली."

"कोण म्हणालं?"

"कोणी कशाला म्हणायला हवं? मी ओळखला. डॉक्टरांनी चिमट्यात धरला तेव्हाच."

नूरबानो त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "तेव्हाच? मी पोरीला मारत होते, तू माझा हात धरलास, तेव्हा तुला माहीत होतं?"



ती गोठ्यात गेली. रेडकाचा पाय धरून तिनं ते फरफटत आणलं आणि भर गल्लीत आपटलं. पेंढा उडाला. माणसं दारांतून बाहेर आली. "बघा रे, बघा सगळे!" तिचा आवाज फाटला. "ह्यानं मारली माझी चांदणी! माझ्या पोरीनं नाही! हे बद्रुद्दीननं केलंय. माझ्या भावानं केलंय, एकट्यानं!"

गल्लीनं आधी रेडकाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तो उठून उभा राहिला, पण जायचं कुठे ते त्याला कळेना.

कशिश दारात आली होती. ती रडत नव्हती.

"मामू," ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही मला म्हणाला होतात, रडू नको बेटा, मी अम्मीला सांगतो तुला माफ कर म्हणून."